भंडाऱ्याची आण

दाक्षायणीबाईंचा एक नियम होता आणि त्या नियमापायी त्यांच्या ट्रेनिंग वर्गातल्या मुली मेटाकुटीला यायच्या. एका तोंडून ऐकलेली गोष्ट खरी धरायची नाही. त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारायची, मगच कागदावर उतरवायची. सोलापुरात मास्तरीण व्हायला आलेल्या प्रत्येक मुलीला त्या एकेक कुटुंब नेमून देत. वर्षभर त्या घरी जायचं, पडेल त्या कामाला हात लावायचा आणि ते घर कसं चालतं ते लिहायचं. "ज्यांच्या पोरांना उद्या शिकवणार, त्यांच्या घरात चूल कोण पेटवतं तेही ठाऊक नसेल, तर शिकवणार काय, कपाळ?" असं त्या विचारत आणि मुली माना खाली घालत.

रुद्राणी अक्कलकोटच्या एका लिंगायत व्यापाऱ्याची लेक. तिच्या वाट्याला मंद्रूपजवळच्या धनगरवस्तीतलं येडूचं घर आलं. घरात येडू, त्याची बायको मायाक्का, म्हातारी आई गोजाबाई आणि सोळा वर्षांची लेक फुला. रुद्राणीनं आधी शेळ्यांच्या लाथा खाल्ल्या, मग धारा काढायला शिकली. बाई तिच्यावर खूश होत्या, पण ते दाखवण्याची त्यांना सवय नव्हती.

फुलाचं लग्न तोंडावर आलं आणि एका सकाळी रुद्राणी रडवेल्या तोंडानं बाईंच्या घरी आली.

"बाई, मी तुमचा नियम पाळला आणि घात झाला," ती म्हणाली.

गोजाबाईनं बोलता बोलता तिला सांगितलं होतं, की फुला मायाक्काची नव्हेच. येडूचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको मानमोडीच्या तापात एका आठवड्यात गेले, मागं तान्ही फुला राहिली. त्याच तापानं मायाक्काचं लेकरूही नेलं होतं आणि ती वेड्यासारखी माळावर हिंडत होती. गोजाबाईनं फुलाला तिच्या पदरात घातलं. मग सगळ्या वस्तीनं देवाचा भंडारा उचलून आण घेतली, की ही पोर मायाक्काची; दुसरं कुणी कधी बोलायचं नाही. म्हातारीनं आता ते का सांगितलं देव जाणे. इतकी वर्षं पोटात ठेवून ती दमली असावी.

"मग तू काय केलंस?"

"मायाक्काला विचारलं. खरं का म्हणून."

नियम बाईंचाच होता, रागवायचं कुणावर? पण त्यांना आधी आठवली ती वस्ती. तिथं भांडणं होत, बांध कोरले जात, बायका पाणवठ्यावर एकमेकींचा उद्धार करत. तरी सोळा वर्षांत रागाच्या भरातसुद्धा एकाच्याही तोंडून ती गोष्ट निसटली नव्हती. भंडारा उचलताना जी पोरं होती ती बाप झाली, सुना आल्या, त्यांनीही तोंड मिटून घेतलं. बाईंच्या अंगावर काटा आला. माणसांविषयी आपल्याला बरंच कळतं, असा त्यांचा आजवर समज होता.

दुसऱ्या दिवशी दोघी सर्व्हिस मोटारीनं मंद्रूपला उतरल्या आणि चालत वस्तीवर गेल्या. मायाक्का गोठ्यामागं एकटीच बसली होती. दोन दिवस तिनं अन्नाला शिवलं नव्हतं.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "पोरीला मीच तसं शिकवलं. यातलं एक अक्षर कुठं लिहिलं जाणार नाही."

"लिवण्याचं मला काय न्हाय, बाई," मायाक्का म्हणाली. "फुलाला कळलं तर ती माज्या दारातनं दुसरीची लेक हून जाईल. मग मी कोन तिची?"

मायाक्कानं डोळे पुसले. "लग्नाला या तुमी. आन् गप ऱ्हावा."

लग्नाला दोघी गेल्या, त्या जीव मुठीत धरून. मांडवाच्या कडेला बाळासो नावाचा एक उंच गडी एकटाच बसला होता. रुद्राणीनं गोजाबाईकडून ऐकलेलं हळूच सांगितलं, तो फुलाच्या गेलेल्या आईचा भाऊ. त्यानंही भंडारा उचलला होता. दर वर्षी तो लांबचा पाहुणा म्हणून येई आणि एक वेळ जेवून जाई.

अंतरपाट धरला. भटजींनी मुलीच्या मामाला तिच्या पाठीशी उभं राहायला सांगितलं आणि मायाक्काचा भाऊ सिदू फेटा सावरत पुढं झाला. फुलानं मान वळवून मांडवाच्या कडेला पाहिलं.

"त्या मामालाबी बोलवा की," ती म्हणाली.

वाजंत्री थांबली. मायाक्काचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या तोंडून कसंबसं निघालं, "कुनी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाय. त्यो दर साली येतो, माज्याकडं बगतो, गेलेल्या भनीची आटवन काढतो आन् जेवता जेवता उटून भाईर जातो. परक्याची पोर बगून कुनाला घास उतरंना व्हय? लई दिस झालं, मला ठावं हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू बोलत न्हवतीस म्हनून," फुला म्हणाली. "तुला वाईट वाटंल वाटलं, आये."

सगळी वस्ती एका पोरीपासून जे जपत होती, तेच ती पोर आईसाठी सगळ्या वस्तीपासून जपत आली होती. आपण देवळात उभ्या आहोत असं दाक्षायणीबाईंना वाटलं, आणि पायांत चपला असल्याची लाज वाटली.

मायाक्का उठली. कुणाचा आधार न घेता ती मांडवाच्या त्या टोकाला गेली. बाळासो मान खाली घालून बसला होता, खांदे हलत होते. तिनं त्याच्या मनगटाला धरलं.

"चल, दादा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुजी भाची खोळंबलीया."