दोन थोटकं कमी

टेम्पोवाला दहाला येणार होता. पावणेनऊला मी शेडमध्ये वेल्डिंग रॉडची जळून उरलेली थोटकं मोजत होते. तिसऱ्यांदा.

मामा कारखान्यात टर्नर. दोन वर्षांच्या रविवारांतून आम्ही दोघांनी ही बग्गी उभी केली होती: नळ्यांचा सांगाडा, जुन्या मोटरसायकलचं इंजिन, चार जाडजूड टायर. मागचं इंजिन शेपटीसारखं वर आलेलं, म्हणून मामी तिला विंचू म्हणायची. आज बंद पडलेल्या दगडखाणीच्या उतारावर पहिली चाचणी होती. मामा चालवणार, मी शेजारी बसणार.

सांगाड्याला चव्वेचाळीस सांधे. प्रत्येक सांधा आधी चार टाके मारून जागेवर धरायचा, मग पुरा वेल्ड करायचा. पुऱ्या वेल्डला दोन रॉड लागतात, म्हणजे दोन थोटकं उरतात. मी सुरुवातीलाच मोजून ठेवलं होतं, पदार्थविज्ञानाची पदवी कुठेतरी वापरावी म्हणून. थोटकं टायरात घुसू नयेत, यासाठी मामा ती एका डब्यात टाकायला लावायचा. टाक्यांच्या थोटकांचा डबा वेगळा. म्हणजे या डब्यात अठ्ठ्याऐंशी हवी होती. शहाऐंशीच होती.

मामाच्या सीटवर डोक्यामागे येणारा सांधा मी करत असताना वीज गेली होती. वीज आल्यावर तो पुरा केला का, हे रात्रभर आठवत नव्हतं. आता त्यावर पुट्टी होती आणि पिवळ्या रंगाचे तीन हात. बग्गी उलटली तर भार तिथेच येणार होता.

"सकाळपासून पायाला भिंगरी लागलीय हिच्या," मामी चहा घेऊन आली. "बस की जरा."

मी बसले नाही. "मामा, तुझ्या डोक्यामागचा सांधा मी अर्धवट सोडलाय बहुतेक."

फडक्याने बग्गी पुसणारा मामाचा हात थांबला. "बहुतेक म्हणजे?"

"रंग काढून बघावं लागेल."

"पोट शिवून झाल्यावर डॉक्टरीणबाईंना कात्री आठवली," मामी म्हणाली.

मामाने ग्राइंडर लावला. रंग गेला, पुट्टी गेली, आणि खाली नळीभोवती सलग फिरलेला वेल्ड दिसला. मामाने त्यावरून अंगठा फिरवला.

"पुरा आहे. उगाच जीव टांगणीला लावलास."

तो ब्रश शोधायला वळला. मला हायसं वाटायला हवं होतं. पण डब्यात अजूनही शहाऐंशीच होती. माझे सांधे एकोणीस. बाकीचे अठरा मला एकेक करून आठवत होते. उरलेले पंचवीस मामाचे.

मी टेबलाखाली, रॅकमागे चुंबक फिरवलं. तीन वॉशर आणि एक खिळा निघाला.

"मामा, अजून दोन थोटकं कमी आहेत."

"पडली असतील कुठे."

"चुंबक फिरवलं. नाहीत."

"तुझे सगळे पुरे ना?"

"माझे पुरे."

त्याला कळायला क्षणभर लागलं. "म्हणजे माझा कच्चा?"

मी डबा त्याच्यापुढे धरला.

"चाळीस वर्षं लोखंडाशी खेळतोय मी. तुला होल्डर धरायला मी शिकवलं."

"हो."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मामाने फाटकाकडे पाहिलं.

"मी बसणार नाही त्यात," मी म्हणाले. "तूही बसू नकोस. एकच सांग. झालेल्या सांध्यावर तू खडूने खूण करायचास, ती वेल्ड करण्याआधी की नंतर?"

"आधी," तो म्हणाला. "कारखान्यात तीच सवय. हातात घेतलं की खूण करायची, म्हणजे दुसरा कोणी घेत नाही."

"आणि मध्येच कोणी हाक मारली तर?"

"हाका मीच मारते," मामी हळूच म्हणाली. "सिलिंडर बदला, माळ्यावरचा डबा काढा."

मामाने पुन्हा ग्राइंडर उचलला. त्याचा पहिला सांधा पुरा होता. दुसराही. तिसऱ्यावरची पुट्टी उडाली तेव्हा खाली फक्त टाक्यांचे चार ठिपके होते, आणि त्यांच्यामध्ये नख जाईल एवढी काळी फट. सीटबेल्ट अडकवायची आडवी नळी तिथे येऊन मिळत होती. माझ्या सीटची.

मामाने त्या सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे न बघता मामीला म्हणाला, "टेम्पोवाल्याला परत पाठव."

मी डबा बाजूला ठेवला. "जुळला आकडा. हा एकच होता."

"तुझा जुळला," तो म्हणाला. त्याने डिस्क बदलली, पान्याने घट्ट केली. "सगळे उघडायचे. आधी माझे."

पिवळी भुकटी आमच्या केसांवर, फरशीवर, चहाच्या कपात पडू लागली. सातव्या सांध्यापर्यंत त्याने मान वर केली नाही.