सील तुटलेली तक्रारपेटी

मित्रांनो, मी क्रूझवरची एक जुनी तक्रारपेटी आहे आणि मला जन्मापासून नसत्या चौकशांची खोड आहे. माझा जन्म जहाजावरच झाला. वरच्या डेककडे जाणाऱ्या जिन्याचा कठडा बदलला तेव्हा सागवानाच्या काही फळ्या उरल्या होत्या. जहाजाच्या सुतारदादांनी त्या रंधा मारून गुळगुळीत केल्या, पितळी बिजागऱ्या बसवल्या, माथ्यावर बोटभर रुंदीची फट ठेवली आणि मला स्वागतकक्षाच्या काउंटरशेजारी भिंतीवर ठोकलं. माझ्या कपाळावर पाटी आली, ‘तक्रारी आणि भरपाईच्या अपेक्षा येथे टाकाव्यात.’ त्या दिवसापासून मला एकच प्रश्न पडलाय. भरपाई म्हणजे नक्की काय?

मला वाचता येत नाही. आतल्या अंधारात घडी घातलेली चिठ्ठी वाचणार तरी कशी? पण माणसांची एक गंमत आहे. लिहिताना ती पुटपुटतात, आणि रागावलेली माणसं तर चांगली मोठ्याने पुटपुटतात. त्यामुळे मला घरबसल्या सगळं कळतं. एका गृहस्थांच्या केबिनमधून म्हणे नुसतं पाणीच दिसत होतं. एकाला जाहिरातीतले डॉल्फिन हवे होते आणि चार दिवसांत एकही इकडे फिरकला नव्हता. एका बाईंची तक्रार एवढीच होती की जहाज हलतं. मला हसू यायचं. पण खऱ्या अडचणीही असायच्या. कुणाच्या केबिनचा नळ दोन दिवस कोरडा असायचा, कुणाच्या हातावर गरम सूप सांडलेलं असायचं. एका नव्या नवरीची बॅग दुसऱ्याच जहाजावर गेली होती. तिने भरपाई म्हणून फक्त एक टूथब्रश मागितला होता.

तो टूथब्रश तिला मिळाला नाही. कारण माझं तोंड सतत उघडं असलं तरी माझं पोट सफर संपेपर्यंत बंद असायचं. किल्ली कंपनीच्या किनाऱ्यावरच्या कचेरीत आणि कुलपावर लाखेचं सील. फार पूर्वी कुणीतरी मधल्या मध्ये चिठ्ठ्या बदलल्या होत्या, म्हणून कचेरीतल्या साहेबांनी नियम केला होता. पेटी उघडायची ती परत आल्यावर, साहेबांच्या समोर. त्याआधी सील तुटलं तर त्या सफरीतली एकही चिठ्ठी धरायची नाही. प्रवाशांना यातलं काहीच ठाऊक नसायचं. ते चिठ्ठी टाकून निर्धास्त होऊन जायचे.

नियम तोंडपाठ असलेला एकच प्रवासी होता. त्यांना सगळे भरपाईकाका म्हणत. दरवर्षी ते याच जहाजावर यायचे आणि चिठ्ठ्या घरूनच लिहून आणायचे, फक्त तारीख टाकायची बाकी ठेवून. उशी फार मऊ, उशी फार कडक, दोन्ही तयार असायच्या. काउंटरवरच्या ताई त्यांना लांबून पाहिलं तरी कपाळाला हात लावायच्या. मला मात्र ते आवडायचे. चिठ्ठी टाकल्यावर ते माझ्या माथ्यावर हलकीशी थाप मारत आणि म्हणत, “सांभाळ गं बाई.”

त्या वर्षीच्या सफरीत तिसऱ्या दिवशी सकाळी जहाजाची थरथर थांबली. नाश्त्याचे कप खणखणायचे थांबले आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले. थोड्या वेळाने कप्तानांचा आवाज आला. इंजिन बंद पडलं होतं. धोका काही नव्हता, पण दुसरं जहाज येऊन आपल्याला ओढत थेट घरच्या बंदरात नेणार होतं. त्या दिवशी वाटेतल्या एका गावी थांबायचं होतं, तेही रद्द झालं होतं. शेवटी कप्तान म्हणाले, “ज्यांचं काही म्हणणं असेल त्यांनी तक्रारपेटीत चिठ्ठी टाकावी. प्रत्येक चिठ्ठीची दखल घेतली जाईल.”

मग काय विचारता! काउंटरपासून जिन्यापर्यंत रांग लागली. माझ्या फटीत चिठ्ठ्या कोंबल्या जाऊ लागल्या. निम्मं भाडं परत, पूर्ण भाडं परत, पुढची सफर फुकट. काकांनी एका दमात सात चिठ्ठ्या टाकल्या आणि समाधानाने हात झटकले.

रांगेत एक आजी होत्या. आयुष्यभर त्यांनी शाळेचे गणवेश शिवले होते आणि हे तिकीट त्यांच्या मुलींनी मिळून काढून दिलं होतं. त्या हळू आवाजात, एकेक शब्द लावत लिहीत होत्या. रद्द झालेल्या गावात त्यांचा धाकटा भाऊ राहत होता. अकरा वर्षांत दोघांची भेट नव्हती. भाऊ सकाळपासून धक्क्यावर येऊन उभा राहणार होता. त्याला ऐकू कमी येत होतं आणि जवळ फोन नव्हता. आजींनी लिहिलं, ‘कृपया त्याला कुणीतरी सांगा की जहाज येत नाही. तो उन्हात उभा राहील. त्याचं पत्र सोबत लावलं आहे. शेजारच्या दुकानाचा नंबर त्यात आहे.’ चिठ्ठीला पत्र टाचणीने लावून त्यांनी ते माझ्या पोटात सोडलं आणि समोरच्या बाकावर जाऊन बसल्या. उत्तराची वाट बघत.

एवढी माहिती मला होती आणि मला बोलता येत नव्हतं. नुसतं ऐकता येऊन काय उपयोग, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. साडेनऊ झाले, साडेदहा झाले. आजी एकदा माझ्याकडे बघत, एकदा ताईंकडे बघत. ताईंना मान वर करायला फुरसत नव्हती, आणि उगाच कुणाला त्रास द्यावा असा आजींचा स्वभाव नव्हता.

सव्वाअकराला काका आठवी चिठ्ठी घेऊन आले. “आजी, सकाळपासून इथेच बसलाय. तब्येत बरी आहे ना?”

“हो हो. उत्तर यायचंय ना, म्हणून बसले,” आजी म्हणाल्या. “मघाशी पेटीत चिठ्ठी टाकलीय.”

“पेटीत? अहो, ही पेटी घरी पोचल्यावर उघडतात. परवा!”

आजींचा चेहरा पांढराफटक पडला. “पण मग त्याला कोण सांगणार?” एवढंच त्या म्हणाल्या. काकांनी त्यांना विचारून विचारून सगळं काढून घेतलं, आठवी चिठ्ठी खिशात कोंबली आणि रांगेतून वाट काढत ते थेट काउंटरवर गेले.

ताई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी लगेच फोन उचलला, पण करायचा कुणाला? त्या गावात बंदराची कचेरीच नव्हती. जहाज लांब उभं राहायचं आणि लोक होडीने धक्क्यावर जायचे. “आजी, तो दुकानाचा नंबर आठवतोय का?” आजींनी नकारार्थी मान हलवली. तो फक्त पत्रात होता आणि पत्र माझ्यात होतं.

“मग फोडा पेटी,” काका म्हणाले.

“काका, तुम्हाला तरी माहितीय ना? सील तुटलं की सगळ्यांच्या चिठ्ठ्या बाद होतात.”

हे रांगेने ऐकलं आणि एकच गलका झाला. एक टायवाले गृहस्थ पुढे आले. “वा! म्हणजे आमच्या नुकसानीवर पाणी सोडायचं? आम्ही काय फुकट आलोय?”

“त्यांच्या भावाचं वाईट वाटतं हो,” एक बाई म्हणाल्या, “पण थोड्या वेळाने तो आपणहून जाईलच की घरी.”

“नाही जायचा,” आजी म्हणाल्या. “लहानपणी मी त्याला शाळेच्या फाटकात थांब म्हटलं आणि विसरून घरी आले. दिवे लागायच्या वेळी धावत गेले, तर तिथेच उभा होता. तो तसलाच आहे.”

काकांनी घसा खाकरला. “हे बघा, तुमच्या प्रत्येकाची आत एकेक चिठ्ठी आहे. माझ्या सात आहेत. सगळ्यात मोठं नुकसान माझं. मी म्हणतोय फोडा, तर तुम्ही कशाला अडता?”

कुणीतरी फस्सकन हसलं. टायवाले गृहस्थ काहीतरी पुटपुटत बाजूला झाले. ताईंनी सुतारदादांना बोलावलं. ज्यांनी मला घडवलं त्यांनीच पटाशी लावली आणि सीलासकट माझं दार उचकटलं. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण चिठ्ठ्या भसाभस जमिनीवर पडल्या तेव्हा मला फार हलकं वाटलं. मघाशी भांडणारी माणसं गुडघ्यांवर बसून टाचणी लावलेली चिठ्ठी शोधू लागली. ती त्या पुटपुटणाऱ्या टायवाल्यांनाच सापडली.

शेजारचं दुकान चष्मेवाल्याचं होतं. ताईंनी स्पीकरवर फोन लावला. त्याने निरोप ऐकला आणि फोन हातात घेऊन तो धक्क्याकडे पळत सुटला. त्याच्या धापा आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होत्या. मग तो ओरडला, “आहेत, आहेत! इथेच उभे आहेत!”

आजींनी फोन दोन्ही हातांनी धरला. “अरे, मी बोलतेय! जहाज बंद पडलंय! आज येत नाही!”

“काय? तू बरी आहेस ना?”

“मी बरी आहे! तू घरी जा! ऊन किती आहे!”

“बरी आहेस ना, मग झालं!” पलीकडून आवाज आला. “आता आलोच आहे तर जरा सावलीत बसतो. तुझं जहाज इकडेच कुठेतरी असेल ना पाण्यात? तेवढाच समुद्र बघून जातो!”

आजी रडायला लागल्या आणि हसायलाही लागल्या. टायवाल्यांनी रुमाल काढला आणि चष्मा पुसायचं निमित्त केलं.

त्या सफरीत बहीणभावाची भेट झाली नाही, हे मला सांगायलाच हवं. घरच्या बंदरात साहेब आले. माझं उचकटलेलं दार बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. नियमाप्रमाणे सगळ्या चिठ्ठ्या बाद झाल्या. पण ताईंनी घडलेला प्रकार सांगितला तेव्हा साहेब स्वतः आजींकडे गेले. “आजी, नियमाला एक अपवाद करायची मुभा मला आहे. तुमची काय अपेक्षा आहे?”

“माझं काही नाही,” आजी म्हणाल्या. “त्या काकांच्या तेवढ्या सात चिठ्ठ्या धरा. त्यांना हौस आहे हो.”

काका खाली मान घालून बूट बघत होते. भरपाई म्हणजे काय, हे मला अजूनही पुरतं कळलेलं नाही. पण त्या घटकेला मी त्याच्या अगदी जवळ गेले होते, एवढं खरं.

आता जहाजावर तक्रारी मोबाइलवर घेतात. मी सुतारदादांच्या खोलीत फळीवर पडून आहे आणि माझ्या पोटात खिळे आणि स्क्रू असतात. दाराच्या जागी प्लायवूडचा तुकडा मारलाय, तो पावसाळ्यात फुगतो. त्याचं मला काही वाटत नाही. मित्रांनो, तुमच्या शाळेत, दवाखान्यात, कुठल्यातरी कचेरीत माझ्यासारखी एखादी पेटी भिंतीवर असेल. ती एक वेळ पुसू नका, रंग लावू नका. पण मोठ्यांच्या मागे लागून ती रोज उघडायला लावा. आत कुणाचा तरी भाऊ उन्हात उभा असेल.