पत्रावळी उचलण्याचा मान

उज्ज्वला सुट्टी काढून घरी, पांडेसऱ्याला आली, तर वडील, लोटूआबा, तोंड फुगवून बसलेले. मुंबईच्या विमान कंपनीत ती हवाई सुंदरी म्हणून लागली, तेव्हा याच माणसाने तो जिथे कापड रंगवायचा त्या अख्ख्या डाइंग मिलमध्ये पेढे वाटले होते. पण मग त्यांच्या बहिणीने, धुरपदाआत्याने, कुठून तरी बातमी आणली, की पोर विमानात लोकांच्या उष्ट्या ताटल्या उचलते. झालं, आबांनी डोक्यात राख घालून घेतली.

"रंगमा हात जाळात ते यानासाठी?" ते म्हणाले. "आता परत जावानं नही."

उज्ज्वलाला रडूच आलं. टाचांच्या बुटांनी पाय सुजायचे, हसून हसून गाल दुखायचे, वाऱ्यासाठी खिडकी उघडून मागणारे काका भेटायचे, ओकारीच्या पिशव्या तर रोजच्याच. तरी ते काम तिला जिवापाड आवडायचं. उद्या सकाळच्या गाडीने ती गेली नाही, तर नोकरी हातची जाणार होती.

दुपारी सोसायटीत सप्ताहाचा भंडारा होता. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, पंगतीमागून पंगती. जेवून उठलेल्यांच्या पत्रावळी उचलायचा मान दरवर्षी आबांचा. ते पुण्याचं काम, दुसऱ्या कुणी हात लावला की आबा भांडायला उठत. यंदाही पँट दुमडून ते ऐटीत वाकले आणि कंबरच धरली. दोघांनी उचलून त्यांना खुर्चीत बसवलं. दुसरी पंगत तर ताटकळत उभी.

उज्ज्वलाने ओढणी कमरेला गुंडाळली आणि एका टोकापासून सुरुवात केली. द्रोण पत्रावळीत, पत्रावळ आत दुमडून घमेल्यात, खाली थेंब नाही. कुणाची बट्टी उरली असली, तर "सावकाश होऊ द्या, बाबा" म्हणून पुढे.

"लोटू, दख तुनी पोर," आत्या कडाडली. "आठे बी उष्टं उचली ऱ्हायनी."

उज्ज्वला घमेलं घेऊन आबांपुढे उभी राहिली.

"आबा, तुम्ही हाई पुण्य वरीसमा एक डाव करतस. मी रोज करस. आन वर पगार बी भेटस."

आबांनी डोळे वटारायचा प्रयत्न केला, पण हसू फुटलं आणि कंबरेत पुन्हा कळ आली. कळवळत, हसत ते आत्याला म्हणाले, "ताई, तू गप ऱ्हाय."

मग उज्ज्वलाकडे वळून, "त्या कोपरामा हिलालबाबानी पत्रावळ ऱ्हायनी, ती बी उचल. आन सकायनी गाडी कितला वाजता शे?"