दम सोडा, जिजामावशी

पाण्याखालचं माझ्याइतकं कुणाला कळत नाही, हे मी पनवेलमध्ये कुणालाही तोंडावर सांगते. दरवर्षी लक्षद्वीपच्या बेटांवर माणसं नेऊन डायव्हिंग करवते, आणि त्याआधी इथल्या स्विमिंग पूलमध्ये त्यांना चांगलं घासून घेते. आजवर एकालाही ओरखडा उठलेला नाही. म्हणूनच जिजामावशींना मी दोनदा नापास केलं.

जिजामावशी करंजा गावच्या कोळीण. वय अठ्ठावन्न. चाळीस वर्षं पनवेलच्या बाजारात मासे विकतायत. पण त्यांच्या घरात बायका होडीवर जात नाहीत, त्यामुळे मासा पोहताना कसा दिसतो हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. "मना त्यो जित्ता बगायचाय," एवढंच म्हणाल्या आणि डॉक्टरचा दाखला माझ्या टेबलावर आपटला.

भीतीचा प्रश्नच नव्हता. लहानपणी खाडीच्या गढूळ पाण्यात खडकावरची कालवं काढायला त्या दम धरून बुडी मारायच्या, तीच सवय नडली. तोंडात हवेची नळी असूनही मावशी श्वास कोंडून बसायच्या. वर आल्या की फुशारकी, "बगलास? दोन मिनटा!"

"मावशी, हाच तर गुन्हा आहे! श्वास कोंडून वर आलात तर फुप्फुसं फाटतील. पुन्हा असं केलंत तर तिकडे किनाऱ्यावर बसायचं."

त्यांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण पाण्यात भिडस्तपणा चालत नाही.

तिसऱ्या दिवशी माझं डोकं चाललं. म्हटलं, "नळी तोंडात ठेवूनच गिऱ्हाइकाला हाक मारा. ओरडणाऱ्याला दम धरता येत नाही." मावशी तळाशी बसल्या आणि अशा काही ओरडल्या, की बुडबुड्यांनी सगळा पूल उकळायला लागला. पास!

तरीही बेटाजवळ, आठ मीटर खोल, माझा हात त्यांच्या पट्ट्यावरच होता. प्रवाळाच्या कपारीतून परातीएवढा गोब्रा मासा बाहेर आला आणि त्यांच्यासमोर थांबला. मावशींचे बुडबुडे बंद झाले. मी त्यांना ढोसणार, इतक्यात दिसलं की त्या माशाच्या कल्ल्याकडे टक लावून बघतायत. कल्ला उघडला, मिटला. पुन्हा उघडला. आणि त्याच्याच लयीत मावशींचे बुडबुडे सुटायला लागले. मला काही करावंच लागलं नाही.

होडीत चढल्यावर त्यांनी मास्क काढला, तर डोळे वाहत होते.

"काय झालं, मावशी? घाबरलात?"

"चालीस वरसा मी आंगठ्यान कल्ला उघडून गिऱ्हाइकाना दावला, लाल हाय, ताजा हाय," त्या म्हणाल्या. "त्यो आपला आपून उघडतो, पोरी. मना कुनी सांगलाच नाय."