भारीतलं पेट्रोल

"झिरो बघा, काका," विजयमाला म्हणाली, आणि सुंदररावांनी नेहमीप्रमाणे झिरो सोडून बाकी सगळं बघितलं. वडवणीच्या त्या पेट्रोल पंपाच्या खांबावर महागड्या प्रीमियम पेट्रोलचा नवा फलक लागला होता. फलकावर एक लाल गाडी ढगांतून पळत होती. खाली त्यांची स्वतःची छोटी पांढरी गाडी उभी होती, दाराला गंज चढलेली, एका बाजूचा आरसा दोरीने बांधलेला.

"ताई, हे महागाचं टाकल्यानं आमच्या डबड्याला काय फरक पडतो का?"

या प्रश्नाचं खरं उत्तर विजयमालाला माहीत होतं. महिनाभरापूर्वीच पंपावरच्या चौघांना शिकवायला एक टायवाला साहेब आला होता. चहाच्या वेळी तिने त्याला सरळच विचारलं होतं, की साध्या छोट्या गाडीला हे पेट्रोल कशाला? साहेब भला माणूस. हसून म्हणाला, "ताई, ते ताकदीच्या, जास्त दाबाच्या इंजिनासाठी असतं. साध्या गाडीला साधंच बरं. उगाच पैसे घालवायचे." मग कप खाली ठेवून तो पुन्हा उभा राहिला आणि शिकवू लागला, "गिऱ्हाइकाला 'कोणतं टाकू' असं कधी विचारायचं नाही. 'प्रीमियम टाकू ना?' असंच विचारायचं. कोणी विचारलंच, तर फरक पडतो म्हणायचं."

शिकवणी संपल्यावर मॅनेजर अमरसिंहने केबिनमध्ये पांढरा फळा टांगला. त्यावर चौघांची नावं, आणि कोणी किती प्रीमियम खपवलं त्याचे आकडे. लागोपाठ दोन महिने जो तळाला, त्याला कायमची रजा. पहिल्या महिन्यात तळाला विजयमाला होती, कारण लोकांनी विचारलं की ती खरं सांगायची.

तिला ही नोकरी म्हणजे काय होती, ते अमरसिंहला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती शिरूर कासारकडची. लग्न झाल्यापासून पंधरा हंगाम तिने नवऱ्याबरोबर ऊस तोडला. तिची मोहिनी फडावरच्या पाचटाच्या कोपीतच जन्मली आणि बाळंतिणीने पंधराव्या दिवशी मोळी उचलली. चार वर्षांपूर्वी पंपाचं काम मिळालं तेव्हा कुठे तिच्या हातातला कोयता सुटला. नवरा सोमेश्वर ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर जाऊ लागला, आणि मायलेकी वडवणीत एका खोलीत राहू लागल्या. मोहिनी आता बारावीला होती. नोकरी गेली तर दिवाळीनंतर पुन्हा फड, आणि मोहिनीला उजवून टाकायची घाई. यापलीकडे तिसरी वाट नव्हती.

"सांगा की," सुंदरराव म्हणाले. "चढाला लागली की लई खडखड करती गाडी. डब्यात खडे घालून हालवल्यावानी. ही घाबरती बघा."

'ही' म्हणजे छबुबाई, पुढच्या सीटवर उशीला टेकून बसलेल्या. त्यांची किडनी गेली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी बीडला नेऊन मशीनवर रक्त धुऊन आणावं लागे. परतताना एसटीत त्यांना उभं राहवेना, म्हणून निवृत्त ग्रामसेवक सुंदररावांनी बासष्टाव्या वर्षी ही जुनी गाडी घेतली आणि बासष्टाव्या वर्षीच ती चालवायला शिकले. चाळीसच्या पुढे कधी काटा जाऊ देत नसत. गाडीच्या पोटात काय चालतं, याची त्यांना काडीची कल्पना नव्हती.

विजयमालाने केबिनकडे पाहिलं. अमरसिंह काचेच्या दारात उभा होता.

"पडतो की, काका," ती म्हणाली. "आवाज जाईल."

फरक पडतो, एवढं तिला शिकवलेलं होतं. आवाज जाईल, हे तिने पदरचं घातलं.

"मग टाका तर. आजपासनं भारीतलंच टाका."

पेट्रोल भरून झाल्यावर छबुबाईंनी खिडकीतून नेहमीची बाटली बाहेर काढली. दिवसभरात त्यांनी पाणी किती प्यायचं, ते ठरलेलं होतं. दवाखान्यातल्या नर्सने बाटलीवर निळ्या शाईने रेघ मारून दिली होती. विजयमाला पंपाच्या कूलरवर जाऊन बरोबर त्या रेघेपर्यंत पाणी भरून आणायची. एक थेंब जास्त नाही की कमी नाही. ती पाणी भरत असताना छबुबाई त्या धारेकडे ज्या नजरेने पाहत, त्या नजरेची तिला भीती वाटे.

"तुझ्या हातचं लई गोड लागतं गं," छबुबाई म्हणाल्या. "मोजून देतीस म्हनून."

"बऱ्या झाल्यावर हंडाभर देते, काकू."

"हंड्यात बशीनच मी," त्या म्हणाल्या, आणि तिघंही हसले.

शुक्रवारी गाडी आली ती हॉर्न वाजवतच. सुंदरराव खाली उतरले, मागच्या सीटवरून पिशवी काढली आणि पाच-सहा कैऱ्या विजयमालाच्या ओंजळीत ओतल्या.

"गेला बघा आवाज! सगळा चढ चढलो, पर एक शब्द बोलली न्हाई गाडी. ही तर झोपली चक्क."

विजयमाला चकित झाली. मग तिला बरंही वाटलं, जरा जास्तच बरं वाटलं. टायवाल्या साहेबालाच कदाचित नीट माहिती नसेल. डोळ्यांदेखत आवाज गेला होता की. त्या दिवसापासून 'प्रीमियम टाकू ना?' म्हणताना तिची जीभ अडखळेनाशी झाली. "आमचे एक काका हायेत, त्यांच्या गाडीचा आवाजच गेला," असं ती मोटारसायकलवाल्यांनाही सांगू लागली. फळ्यावर तिचं नाव तळातून निघालं आणि बघता बघता वर गेलं. अमरसिंहने तिला सगळ्यांदेखत पेढा दिला. तो तिने रुमालात बांधून मोहिनीसाठी नेला.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी त्यांनी नेहमीप्रमाणे पेट्रोल भरलं, बाटली भरून घेतली आणि ते बीडकडे गेले. संध्याकाळी गाडी परत जाताना दिसली नाही, पण पंपावर गर्दी होती. विजयमालाच्या ते लक्षातही आलं नाही. रविवारी दुपारी एक ट्रॅक्टर ती पांढरी गाडी दोराने ओढत आला आणि समोरच्या हनुमान मिस्त्रीच्या गॅरेजपुढे सोडून गेला.

हातातली नळी जागेवर अडकवून ती रस्ता ओलांडून गेली.

"काकांची गाडी ना ही? काय झालं?"

हनुमानने बॉनेट उघडलं होतं. हात न थांबवता तो म्हणाला, "चढावर बंद पडली शुक्रवारी. इंजिन जाम. म्हातारी दोन तास रस्त्यावर. कुनी थांबंना. शेवटी एक टेम्पोवाला थांबला, पर पोचंस्तोवर मशीनवरचा नंबर गेला दुसऱ्याला. उद्या सकाळी या म्हनले. पहाटंच दम लागला तिला. अंगात पानी साठलं. गेली."

विजयमाला मडगार्डला धरून उभी राहिली. पत्रा तापलेला होता. तरी तिने हात काढला नाही.

"आशी कशी एकदम बंद पडली?"

"एकदम कुठली? महिना-दीड महिना दुखनं अंगावर काढलंय गाडीनं. हे बघ, रेडिएटर गळतंय. पानी कमी, म्हनून इंजिन तापायचं, आन्‌ तापलं की चढाला खडखडायचं. इंजिनाच्या तापाचा काटा तर कवाचाच मोडलेला. ती खडखड हीच एक खूण व्हती. आन्‌ ह्यांनी काय केलं, तर भारीतलं पेट्रोल घालाया लागले!"

"त्यानं बिघडली का?"

"त्यानं कशाला बिघडती? साध्या गाडीला त्याचा फायदाबी न्हाई आन्‌ तोटाबी न्हाई. पर तापलेल्या इंजिनात ते पेट्रोल खडखडत न्हाई, एवढंच. आवाज दबला, ताप तसाच राह्यला. आवाज चालू असता तर आनली असती माझ्याकडं. अर्ध्या तासाचं काम व्हतं गं. गळतीला एक डाग मारायचा." त्याने पाना ट्रेमध्ये टाकला. "कुनी शिकवलं असंल त्यांना ते टाकायला?"

"काय माहीत," विजयमाला म्हणाली.

हे दुसरं खोटं तिला कोणी शिकवलं नव्हतं. शेजारी अमरसिंहही उभा नव्हता.

"त्यांना मी ह्यातलं काय बोललो न्हाई," हनुमान म्हणाला. "पानी बघत जा, एवढंच सांगनार. आता बोलून मानूस थोडंच परत येतंय."

पुढचे पंधरा दिवस विजयमाला पंपावर उभी राहिली, पण तिथे नव्हती. "झिरो बघा" म्हणायची आणि स्वतःच बघायची नाही. डब्यातली भाकरी तशीच परत न्यायची. मोहिनीने विचारलं तर उन्हाचं निमित्त सांगितलं. शेवटी तिने मनाशी ठरवलं, की काका आले की पाय धरायचे आणि सांगायचं. मी खोटं बोलले, नोकरीसाठी बोलले, तुम्ही काय ती शिक्षा द्या. ते अमरसिंहला सांगतील, नोकरी जाईल. जाऊ दे. ऊस तोडताना निदान कोणी 'फरक पडतो का' असं विचारत नाही. वाक्यं तिने पाठ केली. पहाटे पाणी भरताना ती पुटपुटायची.

तेरावा होऊन गेल्यावरच्या मंगळवारी, नेहमीच्याच वेळेला, दुरुस्त झालेली पांढरी गाडी पंपावर आली. सुंदरराव दाढी वाढलेले, गालफडं बसलेली. शेजारच्या सीटवर उशी तशीच होती, मधोमध दबलेली.

"काका, कुठं निघालाव?" तिला पाठ केलेल्यातलं काहीच आठवेना.

"बीडला. मंगळवारी घरात बसवतच न्हाई बघा. हात आपोआप चावी घ्यायला जातो. दवाखान्याच्या बाकड्यावर बसतो तासभर. तिथं वळखीची मानसं हायेत. ते त्यांच्या बायकांना घेऊन येतात." त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली. "टाका. भारीतलं."

"काका, मला तुमास्नी एक सांगायचंय."

"मलाबी सांगायचंय. आधी माझं ऐका." ते गाडीला टेकले. "त्या दिवशी चढावर गाडीतनं वाफ निघाया लागली. निवल्यावर झाकन उघडलं, तर आत पान्याचा टिपूस न्हाई. जवळ कुठं घर न्हाई, हापसा न्हाई. तर हिनं आपली बाटली पुढं केली. म्हनली, वता त्यात, मला तर तसंबी पिता येत न्हाई. सकाळपासनं एक घोटसुदिक घेतला नव्हता तिनं, दुपारसाठी ठिवला व्हता. मी वतलं. काय उपेग झाला न्हाई. मंग ती झाडाखाली बसून राह्यली, व्हट आवळून."

विजयमालाने हातातली नळी दोन्ही हातांनी धरली.

"रातभर इचार करतो ताई, की माझं कुठं चुकलं. सगळं तपासून बघतो. औषध चुकवलं न्हाई. एकबी पाळी चुकवली न्हाई. गाडीलासुदिक साधं पेट्रोल पाजलं न्हाई, तुमी सांगितल्यापासनं भारीतलंच घातलं. तिच्यासाठी मी कुठंच कमी केलं न्हाई, एवढ्यावरच जगतोय बघा. त्या येळी चार पैसे वाचवाया साधं घातलं असतं, तर आज मी सोताला गाडलं असतं. तुमी वेळेवर सांगितलं. तुमचे उपकार हायेत."

त्यांनी हात जोडले. खरोखरचे, कपाळापर्यंत नेऊन.

पाय धरायला निघालेली विजयमाला जागेवर उभी राहिली. तिच्या कबुलीने तिची सुटका झाली असती. म्हाताऱ्याजवळ उरलेली एकमेव गोष्ट मात्र तिने काढून घेतली असती. तिला कळून चुकलं, की हे आता कधीच सांगता येणार नाही, कोणालाच नाही, आणि दर मंगळवारी हे हात असेच जोडले जाणार आहेत.

"तुमचं काय सांगायचं व्हतं?" सुंदररावांनी विचारलं.

"काय न्हाई, काका," ती म्हणाली. "झिरो बघा."

या वेळी त्यांनी झिरो बघितला. प्रीमियमची लाल नळी टाकीत लावून ती उभी राहिली. केबिनच्या काचेतून फळा दिसत होता आणि त्यावर तिचं नाव सगळ्यात वर होतं.

पैसे देऊन झाल्यावर सुंदररावांनी उशीमागून बाटली काढली.

"एवढं पानी देता का भरून? गाडीसाठी. हनुमान म्हनला, संगं ठिवत जा."

ती बाटली घेऊन कूलरकडे गेली. नळ सोडला. पाणी चढत चढत निळ्या रेघेला लागलं आणि तिच्या हाताने सवयीने नळ बंद केला. ती बाटली घेऊन आली.

सुंदररावांनी बाटली उजेडात धरून पाहिली. बराच वेळ पाहिली. मग ती परत तिच्या हातात दिली.

"आता कशाला मोजता, ताई," ते हळूच म्हणाले. "पुरी भरा."