सोमवारची पाळी

"पोरी, तुझा बाप पाळीचा पक्का आहे. एखाद्या सोमवारी माझा फोन चुकला तर रुसून बसेल, पण स्वतः काही करायचा नाही. तेव्हा तू करशील ना?"

दवाखान्यातल्या पाळण्यात डोकावत भोंगाकाका असं म्हणाले, तेव्हा तिचं बाळ तीन दिवसांचं होतं. ती हसली. "काका, तुमचा आवाज फोनशिवायही आमच्या घरापर्यंत येतो."

खोटं नव्हतं ते. काका विरोधी पक्षाचे पुढारी. सभेत माईक लागायचा नाही, म्हणून तिच्या बाबांनी त्यांचं नाव भोंगा ठेवलं. त्यांनी उलट बाबांचं नाव मास्तर पाडलं. खेड्यापाड्यांच्या मतदारसंघातल्या एकाच जागेसाठी दोघं पाच वेळा समोरासमोर लढले. तीनदा काका निवडून आले, दोनदा बाबा. स्टेजवर एकमेकांची सालटी काढायची, आणि सोमवारी सकाळी सातला फोन. एक आठवडा यांचा, एक त्यांचा. पेपरात छापून आलेल्या भाषणाला गुण द्यायचे.

"मास्तर, दहापैकी तीन. खड्ड्यांवर बोलता बोलता खड्ड्यातच पडलास."

दोन्ही पक्षांत कुणाला याचा पत्ता नव्हता.

बाळ तीन महिन्यांचं होतं, ती अजून माहेरीच होती, तेव्हा तो सोमवार आला. पाळी काकांची. साडेसात झाले, आठ झाले. बाबा पेपरची घडी मांडीवर घेऊन बसून होते.

"बाबा, तुम्हीच लावा की."

"मी का? परवा भाषण अर्धवट टाकून खाली उतरला, म्हणे खोकला झालाय. आता तोंड लपवून बसलाय."

तिला दवाखान्यातलं बोलणं आठवलं. करू जरा वेळाने, असं मनात म्हणाली, तेवढ्यात बाळ शिंकलं. दिवसातून दहादा बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी ती. आत धावली आणि फोन राहून गेला. मंगळवारी बाळाला लस टोचली, बुधवार त्याच्या तापात गेला. गुरुवारी काका गेल्याचं कळलं. काकू गेल्यापासून ते एकटेच राहत. कार्यकर्त्यांना वाटलं साहेब विश्रांती घेताहेत, आणि खोकल्यामागून आलेला ताप छातीत उतरला. दोन दिवस आधी आणलं असतं तर, एवढं बोलून डॉक्टर थांबले होते.

शोकसभेचं बोलावणं आलं तसा बाबांचा एक कार्यकर्ता दारात हजर. "निवडणूक दोन महिन्यांवर आलीय साहेब. त्यांच्या कार्यालयात जाऊन त्यांचेच गोडवे गाणार?"

"तीस वर्षं लांबून बोललो," बाबा चपला शोधत म्हणाले. "एकदा जवळून बोलतो."

ती बाळाला घेऊन मागच्या खुर्चीवर बसली. भाषण तिनेच लिहून दिलं होतं, चांगलं दोन पानांचं. बाबांनी ते खिशातून काढलं, पुन्हा खिशात ठेवलं.

"या माणसाने मला तीस वर्षं गुण दिले," ते म्हणाले. "दहापैकी चारच्या वर कधी गेला नाही."

समोर कुणीतरी चुकून हसलं. बाबांनी त्याच्याकडे मायेने पाहिलं.

"मागच्या सोमवारी फोन करायची पाळी त्याची होती. मी वाट बघत बसलो. त्याच्या घरी चालत जायला पंधरा मिनिटं लागतात."

 ते काकांच्या फोटोकडे वळले, हात जोडले आणि खाली बसले.

सोमवारी सात वाजता बाबा पेपर उघडून बसले. पाळी त्यांचीच होती. हात फोनकडे गेला, तिथेच राहिला. पेपरात त्यांचं भाषण होतं, फोटोसकट. ते त्यांनी तिच्यापुढे सरकवलं.

"किती?"

"काकांनी चार दिले असते."

"छे. साडेतीन. शेवट गुंडाळला म्हणाला असता." मग पेपरची घडी घालत म्हणाले, "त्याचा तो आवाज गं. कान दुखायचे."

ती सासरी परतली आहे. सोमवारी सातला बाळ मांडीवर घेऊन ती बाबांना फोन लावते. पाळी तिने ठेवलेलीच नाही. आणि हे वाचणाऱ्याला तिचं एकच सांगणं आहे: तुमच्याही ओळखीत कुणीतरी असेल, ज्याचा फोन यायचा होता आणि आलेला नाही. पाळी कुणाची ते नंतर बघा. आधी त्याला फोन लावा, आणि उचलला नाही तर चपला घाला.