दोघांचं लोह

अळणावरच्या लाकडाच्या वखारीत ओंडके चढवणाऱ्या महादेवला क्षय झालाय असं कळलं, तेव्हा त्याची बायको ज्योती तितकीशी हबकली नाही. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, माणूस बरा होतो, हे तिला ठाऊक होतं. तिचा गोंधळ उडवला तो दोन कागदांनी.

धारवाडच्या दवाखान्यात डॉक्टर उत्तरा क्षयाच्या रोग्यांच्या रक्तात कुठले धातू किती असतात, याचा अभ्यास करत होत्या. तुलनेसाठी घरातलं धडधाकट माणूसही हवं होतं, म्हणून महादेवपाठोपाठ ज्योतीनंही रक्त दिलं. पंधरा दिवसांनी कागद हातात आले. महादेवचं तांबं जास्त, जस्त कमी, लोह कमी. ज्योतीचं बाकी सगळं ठीक, फक्त लोह कमी. डॉक्टरांनी ज्योतीला लोहाच्या गोळ्या दिल्या. महादेवला म्हणाल्या, "तुम्हाला सध्या नकोत."

का नकोत, तेही त्यांनी सांगितलं होतं. पण ज्योती अजून तांब्यापाशीच अडकली होती. माणसाच्या रक्तात तांबं कुठून आलं?

घरी सासू जनाबाईंनी लगेच निकाल दिला. "तांब्याच्या हंड्यातलं पाणी पितोय न्हवं तो! ठेव तो हंडा माळ्यावर."

हंडा माळ्यावर गेला. पण गोळ्यांचं कोडं ज्योतीच्या डोक्यातून जाईना. लोह दोघांचं कमी. मग खोकून खोकून हाडं वर आलेल्या माणसाला गोळ्या नकोत आणि धुणीभांडी करून वर शेतात जाणाऱ्या बाईला हव्यात, हे कसं? नावांची अदलाबदल झाली असणार. कुणाला विचारायचं, तेही तिला कळेना. शेवटी महादेवच्या सकाळच्या गोळ्यांत तिनं आपली एक गोळी मिसळायला सुरुवात केली. त्यानं कधी मोजल्या नाहीत.

बारा दिवसांनी महादेव परसाकडून आला तो पांढराफटक पडून.

"ज्योती, काळंकुट्ट झालंय गं. आत रक्त तर फुटलं न्हाई?"

क्षयाच्या गोळ्यांनी लघवी केशरी होईल असं दवाखान्यात बजावलं होतं. काळ्याबद्दल कुणीच बोललं नव्हतं. दोघं पहिल्याच बसनं धारवाडला गेली.

डॉक्टरांनी पोट तपासलं आणि विचारलं, "लोहाच्या गोळ्या घेताय का?"

"न्हाई बाई. तुम्हीच नको म्हणाला की."

ज्योतीचे कान तापले. "मी दिल्या," ती म्हणाली. "माझ्यातल्या. मला वाटलं, नावं बदलली असतील."

महादेव तिच्याकडे बघतच राहिला. डॉक्टर रागावतील असं तिला वाटलं, पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"अक्का, नावं बरोबर आहेत. यांच्या अंगातल्या जंतूंनाही लोह लागतं. म्हणून शरीर ते रक्तातून काढून आत लपवतं. तुमच्या अंगात ते मुळातच कमी आहे. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. आणि हा काळेपणा गोळ्यांचाच, रक्त नव्हे. गोळी बंद केली की जाईल. तुमच्या गोळ्या तुम्हीच घ्या."

"मग तांबं? हंड्यामुळं?"

"हंड्याचा काही संबंध नाही. असा आजार असला की रक्तात तांबं वाढतं."

"आणि जस्त कमी का?"

डॉक्टर म्हणाल्या, "थोडं कळलंय, बरंच नाही. म्हणून तर तुमचं रक्त घेतलं."

शिकलेल्या बाईलाही पुरतं कळलेलं नाही, हे ऐकून ज्योतीला हायसं वाटलं की जास्तच भीती वाटली, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

उपचार संपल्यावर दोघांचं पुन्हा रक्त घेतलं. महादेवचं तांबं उतरलं होतं, जस्त चढलं होतं. पुढे लोहाची एकही गोळी न घेता लोहही वाढलं होतं. वजन सात किलोनं वाढलं होतं. वखारीचा मालक त्याला हलक्या कामावर घ्यायला तयार होता. ज्योतीचं लोह मात्र पहिल्यापेक्षाही खाली गेलं होतं.

"हिचं कसं काय?" महादेवनं विचारलं. "आजार मला होता."

"गोळ्या घेतल्या का अक्का?" डॉक्टरांनी ज्योतीकडे पाहिलं.

"तुम्ही सांगितल्यावर चार दिवस घेतल्या," ज्योती म्हणाली. "मग यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळताना माझ्या राहूनच गेल्या."